घर राखणारा आदेश



कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांची ओळख सांगताना सह्याद्रीचा पायथा, उल्हास आणि पाताळगंगा या नद्या, माथेरानची वाट, महडचा वरदविनायक आणि खोपोलीचे कारखाने यांचा उल्लेख हमखास होतो. या टापूत पहाटेच्या लोकलने मुंबईकडे जाणारा नोकरदार राहतो, पाळीवर जाणारा कामगार राहतो, भातशेती करणारा कुणबी आणि आगरी शेतकरी राहतो, डोंगरवाडीतला ठाकूर आणि कातकरी राहतो. अलीकडे नेरळ-कर्जतच्या नव्या गृहसंकुलांत शहरातून आलेली कुटुंबेही राहू लागली आहेत. प्रत्येकाचे जगणे वेगळे आहे. पण या साऱ्या वस्त्यांत सारखीच आढळणारी एक गोष्ट आहे. ती भिंतीपलीकडे ऐकू येते, दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर नजरेनजरेने सांगितली जाते आणि तोंडाने मात्र कधी बोलली जात नाही. ती म्हणजे घरातल्या स्त्रीला होणारी मारहाण.

हा प्रश्न मूठभर घरांचा आहे, अशी समजूत करून घेणे सोयीचे असते. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील, विवाह झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. चारांत एक! ज्या समाजात कुटुंब हा राष्ट्रजीवनाचा पाया मानला जातो, त्या समाजाने या आकड्यापुढे क्षणभर थांबले पाहिजे.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. तो कोणा एका घरातला नाही. कोणत्याही घरातला असू शकतो. स्थानकापासून आठ-दहा किलोमीटर आत असलेले गाव. रात्रीचे अकरा वाजलेले. नवरा पिऊन आला, भांडण झाले, मारहाण झाली. तिच्या हातातला मोबाइल हिसकावून घेतला गेला आणि धाकट्या लेकरासह तिला ओटीवर काढून आतून कडी लावली गेली. रात्रीची शेवटची लोकल निघून गेली आहे. एस.टी. सकाळशिवाय नाही. माहेर दुसऱ्या तालुक्यात. शेजारच्या घरातला दिवा मालवला जातो. तास-दोन तासांनी दार उघडते आणि ती मुकाट्याने आत जाते. तिला परत आत जावेसे वाटले म्हणून ती जात नाही. जाण्याजोगे दुसरे दार तिला ठाऊक नसते, म्हणून ती जाते.

त्या रात्री आणि पुढच्या रात्रीत जे चोवीस तास असतात, त्यांत कायदा काय करू शकतो? आजच्या विषयाचा गाभा एवढाच आहे.

कायद्याची उलटी दिशा

महाराष्ट्राला या प्रश्नाचा जुना परिचय आहे. १८८० च्या दशकात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजला. बालपणी झालेल्या विवाहानंतर पतीकडे नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८५ साली उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने निकाल लागला. परंतु अपिलानंतर १८८७ साली पतीच्या घरी जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली पतीला पैसे देऊन तडजोड झाली, आणि पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. तो खटला मारहाणीचा नव्हता. पण त्या काळच्या कायद्याचे तोंड कोणत्या दिशेला होते, हे त्यातून दिसते. स्त्रीला घरात पाठवण्यासाठी कायद्याकडे हुकूम होता. त्या घरात ती सुखरूप राहील की नाही, हे पाहण्यासाठी कोणताही हुकूम नव्हता.

पुढे शंभर वर्षांनी, १९८३ साली, भारतीय दंड संहितेत ४९८ अ हे कलम आले. (१ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आहे.) या कलमाने विवाहितेचा छळ हा गुन्हा ठरला. पण गुन्ह्याचा कायदा गुन्हा घडल्यानंतर धावतो. नवऱ्याला अटक झाली तरी ती रात्री कुठे निजणार, सासरच्या घरात तिला पाऊल ठेवता येणार की नाही, मुलांच्या शाळेचे आणि पोटाचे काय, या प्रश्नांना त्यात उत्तर नव्हते. शिवाय असंख्य स्त्रियांना नवरा तुरुंगात जावा असे वाटतच नाही. त्यांना एवढेच हवे असते की, त्याचा हात थांबावा आणि घर टिकावे.

ही उणीव भरून काढण्यासाठी संसदेने २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम संमत केला. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अंमलात आहे. या कायद्याने हिंसेची व्याख्या केवळ मारापुरती ठेवली नाही. अपमान आणि धाकदपटशा, लैंगिक अत्याचार, घरखर्चाचे पैसे अडवणे, स्त्रीधन काढून घेणे, घराबाहेर काढणे, हे सारे त्यात येते. संरक्षण केवळ पत्नीला आहे असेही नाही. मुलाकडून मार खाणारी म्हातारी आई, भावाच्या घरात छळ सोसणारी विधवा बहीण, अविवाहित मुलगी, यांनाही या कायद्याचे दार उघडे आहे. मूळ कायद्यात तक्रार प्रौढ पुरुषाविरुद्धच करता येईल अशी मर्यादा होती. मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ती काढून टाकली.

तातडीचा आदेश म्हणजे काय

या कायद्याचा प्राण त्याच्या २३ व्या कलमात आहे. सर्वसाधारण दाव्यात समोरच्याला नोटीस जाते, तो हजर होतो, आपले म्हणणे मांडतो, मग न्यायालय निर्णय देते. हा न्यायाचा राजमार्ग खरा. पण नोटीस घरी पोहोचल्यावर त्या रात्री घरात काय होईल, याचा विचार कोणी करायचा? २३ व्या कलमाने तो केला आहे. हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याचा संभव आहे, असे अर्जावरून सकृद्दर्शनी दिसत असेल, तर केवळ अर्जदार स्त्रीच्या प्रतिज्ञापत्रावर न्यायदंडाधिकारी एकतर्फी अंतरिम आदेश देऊ शकतात. समोरच्याला नंतर ऐकले जाते; संरक्षण आधी मिळते.

या आदेशाने काय मिळू शकते? पहिला संरक्षण आदेश, कलम १८ चा. त्याने मारहाण करण्यास, तिच्या कामाच्या ठिकाणी वा मुलांच्या शाळेत जाण्यास, फोनवरून वा अन्य मार्गाने तिला गाठण्यास, एकत्रित बँक खाते वा स्त्रीधन परस्पर हलवण्यास मनाई होते. तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांवर हात उगारण्यासही मनाई होते. दुसरा निवास आदेश, कलम १९ चा. तिला राहत्या घरातून काढू नये, असे न्यायालय बजावू शकते. घराचा एक भाग तिच्यासाठी राखून ठेवू शकते. हिंसा करणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहण्यास सांगू शकते. आणि ठाणे अंमलदाराला तिच्या संरक्षणाचा हुकूम देऊ शकते. घरातील स्त्रीला, म्हणजे सासूला वा नणंदेला, घराबाहेर काढण्याचा आदेश मात्र या कलमाखाली देता येत नाही. याखेरीज खर्चासाठी पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई यांचे आदेशही तातडीने देता येतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हा आदेश आपोआप मिळत नाही. तो मागावा लागतो. मुख्य अर्जासोबत २३ व्या कलमाखाली वेगळी मागणी करावी लागते आणि नियमांतील नमुना क्रमांक ३ प्रमाणे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. अर्ज दिला पण तातडीची मागणीच केली नाही, म्हणून अनेक अर्ज सर्वसाधारण रांगेत उभे राहतात. अर्ज आल्यापासून साधारणतः ३ दिवसांच्या आत पहिली सुनावणी व्हावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. साठ दिवसांची मुदत प्रत्यक्षात अनेकदा पाळली जात नाही, हे कटू सत्य आहे. म्हणूनच पहिल्या दिवशीच्या अंतरिम मागणीला एवढे मोल आहे.

दार कोणते ठोठवावे

आता त्या ओटीवरच्या स्त्रीकडे परत येऊ. सकाळ झाली आहे. तिने काय करावे?

तिच्यापुढे एक नव्हे, तीन-चार दारे आहेत. पहिले दार पोलीस ठाण्याचे. कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली येथे ठाणी आहेत आणि रात्रीअपरात्री ११२ हा क्रमांक आहे. पुष्कळदा असे होते की, अदखलपात्र तक्रार, म्हणजे लोकांच्या भाषेतील ‘एन.सी.’, नोंदवून तिला घरी पाठवले जाते. परंतु या कायद्याच्या ५ व्या कलमाने पोलिसांवर स्पष्ट कर्तव्य टाकले आहे. संरक्षण आदेश मागण्याचा तुझा हक्क आहे, संरक्षण अधिकारी अमुक आहेत, मोफत वकील मिळतो, छळाची फिर्यादही देता येते, हे सारे पोलिसांनी तिला सांगितलेच पाहिजे. सोबत जाणाऱ्या शेजाऱ्याला एवढे एक कलम ठाऊक असले तरी बोलण्याचा सूर पालटतो.

दुसरे दार रुग्णालयाचे. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. जखम लहान दिसो वा मोठी, ती त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी आणि ती कशामुळे झाली हे खरे सांगावे. ‘न्हाणीघरात पाय घसरला’ असे एकदा कागदावर उतरले की, ते वाक्य पुढे न्यायालयात तिच्याच विरुद्ध उभे राहते. आधी कागद आणा, मग उपचार करू, असे रुग्णालयाला म्हणता येत नाही. तशी तरतूदच नियमांत आहे.

तिसरे दार संरक्षण अधिकाऱ्याचे. कायदा आला तेव्हा आधीच कामाच्या ओझ्याखाली असलेल्या सरकारी अधिकाऱ्यांकडे हे काम अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवले गेले आणि तालुक्याच्या गावीही हा अधिकारी कोण, हे लोकांना माहीत नसायचे. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना निर्देश दिले की, महिला व बालविकास विभागातील जिल्हा आणि तालुका पातळीवरील अधिकाऱ्यांना संरक्षण अधिकारी म्हणून नेमावे आणि या कायद्याची माहिती लोकांपर्यंत पोहोचवावी. संरक्षण अधिकाऱ्याने घटनेचा अहवाल तयार करायचा, अर्ज लिहून द्यायचा, सुरक्षिततेची योजना आखायची आणि न्यायालयाची नोटीस दोन दिवसांत बजावायची. प्रसंग आणीबाणीचा असेल तर नियम ९ प्रमाणे केवळ दूरध्वनीवर आलेल्या विश्वसनीय खबरेवरूनही त्याने पोलिसांना सोबत घेऊन घटनास्थळी जायचे आणि अहवाल विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवायचा. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाचे पालन करण्यात त्याने सबळ कारणाशिवाय कसूर केली, तर त्यालाही शिक्षेची तरतूद आहे.

चौथे दार थेट न्यायालयाचे. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. दोन गाड्या बदलून तिथे जायचे म्हणजे मजुरीचा दिवस बुडाला. म्हणून हे मुद्दाम सांगायचे की, पहिल्या अर्जासाठी अलिबाग गाठण्याचे कारण नाही. कर्जतला आणि खालापूरला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची न्यायालये आहेत. अर्ज तिथेच द्यायचा. संरक्षण अधिकारी भेटले नाहीत, त्यांचा अहवाल झाला नाही, म्हणूनही अडून राहू नये. असा अहवाल नसला तरी न्यायालयाला आदेश देता येतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२२ रोजी दिला आहे. वकिलाच्या पैशांची चिंताही अनाठायी आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्याचा अधिकार आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे आणि १५१०० हा मदत क्रमांक आहे.

या परिसराच्या दृष्टीने २७ वे कलम फार महत्त्वाचे आहे. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. भट्टीवर मार खाणाऱ्या बाईने कुठे जायचे? ती जिथे तात्पुरती राहते वा काम करते, तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो आणि मिळालेला आदेश साऱ्या देशात लागू असतो. माहेरी निघून आलेल्या लेकीलाही हाच नियम. कर्जतची लेक सांगलीला दिली असेल आणि जीव मुठीत धरून परतली असेल, तर तिचा अर्ज कर्जतलाच चालतो.

प्रतिज्ञापत्रातील चार ओळी

एकतर्फी आदेश केवळ तिच्या शब्दावर मिळतो. म्हणून तो शब्द नेमका असावा लागतो. ‘नवरा नेहमी त्रास देतो, छळ करतो’ असे मोघम लिहिलेले प्रतिज्ञापत्र न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हाती काहीच देत नाही. शेवटची घटना कोणत्या तारखेला, किती वाजता, घराच्या कोणत्या भागात घडली, कशाने मारले, मुले कुठे होती, कोणी ऐकले, त्याआधी असे केव्हा झाले, आणि ‘आज रात्री काय होण्याची भीती आहे’, हे सरळ सांगावे. हा शेवटचा मुद्दा बहुतेक अर्जांत राहून जातो, आणि तातडीचे कारण नेमके त्यातच असते. पुन्हा मारीन अशी धमकी दिली असेल, घरात कोयता असेल, दारूचे प्रमाण वाढले असेल, घर विकण्याची बोलणी चालली असतील, तर ते लिहिले पाहिजे. अतिशयोक्ती करू नये. खोटी पडलेली एक ओळ खऱ्या नऊ ओळींना खाली ओढते.

आणि काय मागायचे तेही स्पष्ट मागावे. घरात राहायचे आहे की बाहेर सुरक्षित जागी? नवऱ्याने घराबाहेर राहावे असे हवे आहे, की घरातील वेगळी खोली पुरे आहे? मुलांच्या शाळेचे नाव, ती जिथे कामाला जाते ती जागा, ठाण्याचे नाव आदेशात आले पाहिजे. आदेश जितका नेमका, तितका तो पोलिसाला राबवता येतो.

घरातून निघण्याची वेळ आलीच तर रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि औषधाच्या चिठ्ठ्या यांच्या प्रती आधीच विश्वासू नातेवाइकाकडे ठेवाव्यात. ज्या घरात जीवालाच धोका आहे, तिथे आदेशाची वाट पाहत थांबू नये. १८१ या महिला मदत क्रमांकावरून निवारा आणि ‘सखी’ केंद्राची माहिती मिळते. कागदाने जखम थांबत नाही, हेही तितकेच खरे आहे. कागदामागे माणसे उभी राहिली तरच तो ढाल बनतो.

कागद ढाल कधी बनतो

आदेश झाला, की त्याची प्रत अर्जदाराला, संबंधित ठाण्याला आणि गैरअर्जदाराला विनामूल्य मिळते. गैरअर्जदार हा शब्द मुद्दाम वापरला आहे. या टप्प्यावर नवरा आरोपी नसतो. त्याला अटक होत नाही, त्याची नोकरी जात नाही. त्याला न्यायालयाने एवढेच सांगितलेले असते की, हात लावू नकोस. त्याने ते ऐकले तर प्रकरण तिथेच शांत होऊ शकते. त्याने आदेश मोडला, तर मात्र ३१ व्या कलमाखाली तो गुन्हा होतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आणि केवळ तिच्या साक्षीवरही हा गुन्हा सिद्ध मानता येतो. कालपर्यंत जी ‘घरगुती भांडणे’ होती, ती आदेशानंतर न्यायालयाची अवज्ञा ठरते. म्हणून प्रत घरातल्या पेटीत पडून राहू नये. एक प्रत तिच्याजवळ असावी, एक माहेरी वा शेजारी असावी, आणि ती ठाण्यात पोहोचली आहे याची खात्री कोणीतरी स्वतः जाऊन करावी.

घर मोडते की राखले जाते

आता त्या आक्षेपाकडे वळू, जो सुशिक्षित घरांतून सर्वाधिक ऐकू येतो. अशा कायद्यांनी घरे मोडतात, सासू-सासरे रस्त्यावर येतात, खोटे अर्ज होतात, असे म्हटले जाते. ही भीती झटकून टाकण्याजोगी नाही. कोणत्याही कायद्याचा गैरवापर होऊ शकतो, आणि ज्याच्यावर खोटा आळ येतो त्याचे दुःखही खरे असते. म्हणूनच कायद्याने अंतरिम आदेश हा शेवटचा शब्द ठेवलेला नाही. गैरअर्जदाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी आहे, परिस्थिती बदलली तर आदेश बदलून वा रद्द करून मागता येतो, आणि ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. वृद्धांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने समतोल राखला आहे. २००६ च्या एका निकालानंतर सासऱ्याच्या मालकीच्या घरात सुनेला निवासाचा हक्क नाही, असे मानले जात होते. १५ ऑक्टोबर २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत रद्द केले. सून जिथे संसार करून राहिली ते घर सासऱ्याच्या नावावर असले तरी तिला तिथे संरक्षण मागता येते. मात्र वृद्ध सासू-सासऱ्यांना शांतपणे जगण्याचा जो अधिकार आहे, तोही न्यायालयाने पाहिला पाहिजे, असे त्या निकालात म्हटले आहे.

त्याआधी मे २०१७ मध्ये पुण्यातील एका सुनेच्या प्रकरणात आणखी एक अडसर दूर झाला. सासऱ्याने घर खाली करून घेण्यासाठी लघुवाद न्यायालयात दावा लावला होता. त्याच दाव्यात सुनेला या कायद्याखाली निवासाचा हक्क मागता येईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. एकाच घरासाठी दोन न्यायालयांच्या पायऱ्या झिजवण्याची वेळ तिच्यावर येऊ नये, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

तेव्हा घर कोण मोडते, याचे उत्तर सरळ आहे. ते मारणारा हात मोडतो. आदेश त्या हाताला आवर घालतो. रखमाबाईंच्या काळचा हुकूम स्त्रीला घरात जा म्हणून सांगत होता. आजचा आदेश घराला सांगतो की, तिला सुखरूप ठेवा.

समेटाचा मार्गही या कायद्याने बंद केलेला नाही. न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. पण तिथे एक अट आहे, आणि ती फार मोलाची आहे. समुपदेशनात मारहाणीचे समर्थन करण्यास नवऱ्याला मुभा नाही, आणि पुन्हा हिंसा करणार नाही असे त्याने लिहून द्यावे लागते. आधी हात खाली, मग बोलणी. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावी समित्या झाल्या. बांधावरचे, भाऊबंदकीचे वाद गावात मिटणे ही चांगलीच गोष्ट. पण मारहाण हा तंटा नव्हे. त्यात एक मारणारा असतो आणि एक मार खाणारी असते. ‘दोघांनी थोडे-थोडे सांभाळून घ्या’ असे सांगून जी तडजोड होते, ती तंटा मिटवत नाही. तिचे तोंड मिटवते.

शेजारधर्म

शेवटी पुन्हा त्या रात्रीकडे. शेजारच्या घरातला दिवा मालवला गेला होता. तो का मालवला गेला? कोणाच्या घरातले कशाला बोलायचे, उद्या साक्षीला यावे लागेल, तोच माणूस आपल्यावर उलटेल, अशी ही भीती असते. या भीतीवरही कायद्याने उत्तर दिले आहे. हिंसा झाली आहे, होत आहे वा होणार आहे, असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकते, आणि सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल तिच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. हे चौथे कलम. ते पत्नीसाठी वा वकिलासाठी लिहिलेले नाही. ते त्या शेजाऱ्यासाठी लिहिलेले आहे. गावचा पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, आशाताई, शाळेचे गुरुजी, गृहसंकुलाचा सचिव, या प्रत्येकाच्या खिशात हे कलम असले पाहिजे.

याच मातीत माथेरानचे हुतात्मा भाई कोतवाल होऊन गेले. ते वकिलीचे शिक्षण घेतलेले होते. ते शिक्षण त्यांनी स्वतःच्या प्रपंचासाठी जपून ठेवले नाही. सावकारीत पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभारल्या आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर देह ठेवला. कायद्याचे ज्ञान दुबळ्याच्या दारापर्यंत पोहोचले पाहिजे, हा धडा या तालुक्याला बाहेरून कोणी शिकवण्याची गरज नाही.

करायचे काम फार मोठे नाही. प्रत्येक गावात, प्रत्येक वाडीवर आणि प्रत्येक संकुलात निदान दोन घरे अशी असावीत की, जिथे रात्री कडी वाजली तर दार उघडेल. त्या घरातल्या बाईने म्हणावे, “ये वहिनी, आत ये. आधी पाणी घे.” त्या घरातल्या पुरुषाने सकाळी मजुरीचा एक दिवस बुडवून तिच्यासोबत ठाण्यात आणि न्यायालयात जावे. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहिलेला असावा. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही.

आदेश न्यायदंडाधिकारी देतात. पण ओटीपासून न्यायालयापर्यंतची वाट ती एकटी चालू शकत नाही. ती सकाळ उजाडेपर्यंत कोणाच्या घरात बसणार, हे मात्र न्यायालय ठरवत नाही. ते आपण ठरवतो. आज घरी परतताना प्रत्येकाने आपल्या शेजारच्या भिंतीकडे एकदा पाहावे आणि पुढच्या वेळी तो आवाज आला तर दिवा मालवणार की लावणार, याचा निश्चय करून ठेवावा.